आधी क्रम, मग वेलांटी

नागपूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या वर्गातला मुलगा तान्ह्या पोळ्यावर, म्हणजे मुलांच्या लाकडी बैलांच्या सणावर, दहा मिनिटं भरभरून बोलतो, पण वहीत जेमतेम तीन ओळी उतरतात. याला आळस म्हणू नकोस. 'मिरवणूक' शब्दातली पहिली वेलांटी कागदावर 'म'च्या आधी बसते, कानाला मात्र नंतर ऐकू येते. 'वर्ष'मधला र उच्चारात 'ष'च्या आधी आणि लिहिताना त्याच्या डोक्यावर. डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन जड जाणं, असलेल्या मुलाचं सगळं लक्ष या जुळवाजुळवीत जातं आणि पुढचं वाक्य निसटतं.

म्हणून पहिल्या दिवशी वही बंदच ठेव. तो बोलेल, तू चिठ्ठ्यांवर दोन-दोन शब्द टिपून घे: लाकडी बैल, सजावट, दारोदारी, बोजारा (घरोघरी मिळणारा खाऊ-पैसे). पाच-सहा चिठ्ठ्या पुरेत. दुसऱ्या दिवशी त्या बाकावर पसर आणि क्रम त्यालाच लावू दे. मुलं आठवेल तसं सांगतात, त्यामुळे प्रत्येक चिठ्ठीपाशी "याच्या आधी काय?" एवढंच विचार.

खरी मेहनत जोडशब्दांवर घे. ज्याला वाचनच जड जातं, त्याच्या नजरेखालून 'तर', 'मात्र', 'त्यामुळे' पुरेसे जातच नाहीत. ते उघडपणे शिकवावे लागतात. संत्र्याच्या बहारांचं, म्हणजे फुलं-फळं धरण्याच्या हंगामांचं, उदाहरण घे: "आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात, तर मृग बहाराची जून-जुलैत." मग अर्धं वाक्य दे: "मृग बहाराला पाऊस वेळेवर हवा, कारण…" हेच वाक्य 'पण' आणि 'म्हणून' लावूनही पुरं करायला सांग. 'कारण'नंतर बरीच मुलं पहिलंच वाक्य फिरवून सांगतात. तिथे थांब, घाई करू नकोस.

तिसऱ्या दिवशी लेखन: चार ते सहा वाक्यं, एक ओळ सोडून. शब्द अडला तर खाली रेघ मारून पुढे जाऊ दे. हात दमत असेल तर मोबाइलला बोलून लिहवून घे. मात्र त्यात पूर्णविराम बहुधा सुटतात, ते मोठ्याने वाचत दोघांनी मिळून द्या.

शुद्धलेखन सगळ्यात शेवटी, आणि एका वेळी एकच प्रकार. या आठवड्यात फक्त रफार. सगळ्या चुका लाल केल्यास पुढच्या वेळी तो सोपेच शब्द निवडेल आणि लेख आणखी आखूड होईल.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, डिस्लेक्सिया त्यातच येतो. परीक्षेच्या सवलतींसाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राचं पालकांशी नववीतच बोल, दहावीच्या धावपळीत ते राहून जातं. आणि तपासताना मांडणीचे गुण वेगळे लिही, शुद्धलेखनाचे वेगळे.

तुझा,
एक जुना शिक्षक