हलक्या छऱ्यांनी एअर पिस्तूलचा ग्रुप एक दिवस घट्ट आणि दुसऱ्या दिवशी विस्कटलेला का येतो?

तुम्ही लिहिलंय की रत्नागिरीत दहा मीटरवर सराव करता, पिस्तूल दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवालं आहे, छर्रे ०.४५ ग्रॅमचे हलके. एक दिवस ग्रुप, म्हणजे कागदावरच्या छिद्रांचा झुबका, घट्ट येतो आणि सगळे दहात बसतात, दुसऱ्या दिवशी त्याच डब्यातला एखादा आठात जातो. म्हणून छर्रे एकेक वजन करायला बारीक काटा घ्यावा का, असा प्रश्न आहे. आत्ता तरी घेऊ नका. आधी मिलिमीटरचा हिशेब मांडा, म्हणजे कशावर वेळ घालवायचा ते कळेल.

दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिमी, नऊचा २७.५. छर्रा ४.५ मिमीचा आणि तो रेषेला शिवला तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे छऱ्याचा मध्य केंद्रापासून ८ मिमीच्या आत असेल तर दहा, १६ मिमीच्या आत असेल तर नऊ. आठ लागला म्हणजे शॉट १६ मिमीहून जास्त भरकटला. आता वजनाकडे बघा. छर्रा साधारण १५० मीटर प्रति सेकंद वेगाने सुटतो आणि दहा मीटर जाईपर्यंत २२ मिमीच्या आसपास खाली येतो. एखादा छर्रा ०.०१ ग्रॅमने जड निघाला तर वेग दीडेक मीटर प्रति सेकंदाने घटतो आणि तो जेमतेम अर्धा मिलिमीटर खाली लागतो. वेगात तब्बल १० मीटर प्रति सेकंदाचा फरक पडला तरी उंचीत ३ मिमीच. चांगल्या डब्यातल्या वजनाच्या फरकाने आठ लागत नाही. तो हाताने लागतो, पिस्तुलातल्या ढिल्या भागाने लागतो, किंवा खरोखर चेपलेल्या छऱ्याने.

हात वेगळा काढायचा तर पिस्तूल टेकवून मारा. सुताराच्या व्हाइसला रबर किंवा चामडं लावून फक्त फ्रेम धरा. बॅरल आणि सिलिंडर कधीही आवळू नका. व्हाइस नसेल तर टेबलावर भक्कम पिशव्या ठेवून त्यावर. पिशव्यांत तांदूळ भरा किंवा नदीची धुतलेली वाळू. किनाऱ्यावरची वाळू भरू नका, तिच्यातलं मीठ शिवणीतून झिरपून पिस्तुलाला गंज लावतं. लक्ष्यामागे छर्रे अडवणारा पक्का पेलेट ट्रॅप हवा आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. पाच-पाच शॉटचे निदान चार ग्रुप घ्या. एका ग्रुपवरून काहीही ठरवू नका, कारण त्याच छऱ्यांचे लागोपाठचे दोन ग्रुपसुद्धा योगायोगाने एकमेकांच्या दुप्पट येऊ शकतात. बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत ७-८ मिमीत पाचही बसत असतील तर पिस्तूल आणि छर्रे दोन्ही ठीक आहेत. मग आठ तुमच्या ट्रिगरमधून किंवा मनगटातून येतोय. प्रशिक्षकाकडे जा, दुकानात नको.

व्हाइसमध्येही ग्रुप फुटत असेल तर त्याचा आकार बघा. उभा ताणलेला ग्रुप बहुधा वेगाचा दोष सांगतो, म्हणजे हवा, रेग्युलेटर (हवेचा दाब एकसारखा ठेवणारा भाग) किंवा ब्रीचची (बॅरलच्या मागच्या, छर्रा भरायच्या तोंडाची) गळती. चारी बाजूंना पसरलेला असेल तर छर्रे किंवा बॅरल. दोन वेगळे झुबके पडत असतील तर काहीतरी ढिलं आहे: मागच्या साइटचा स्क्रू, बॅरलची पकड, बॅरलच्या पुढच्या तोंडावरचा कॉम्पेन्सेटर (सुटणारी हवा वळवून झटका कमी करणारा भाग). कॉम्पेन्सेटर काढून आत बघा. छर्रा कुठे घासत असेल तर शिशाची चकचकीत रेघ एकाच बाजूला दिसते.

हवेबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण कोकणात निम्मा त्रास इथला आहे. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असलेल्या एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाणी असतं. १०० मिलीचा सिलिंडर २०० बारपर्यंत भरायला २० लिटर हवा लागते, म्हणजे जवळपास अर्धा ग्रॅम पाणी. हातपंपाने भरताना यातलं बरंचसं पंपातच साचतं, पण उरलेलं आत जातं. हळूहळू व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटरच्या स्प्रिंगवर गंज चढतो, ओ-रिंग (हवा अडवणाऱ्या रबरी कड्या) चिकटतात, वेग डगमगायला लागतो. पंपाला सिलिका जेलचा फिल्टर लावा, जेलचा रंग बदलला की ते गरम करून सुकवा, आणि पंप मारताना मधेमधे थांबून ब्लीड स्क्रू उघडून पाणी सोडून द्या. याहून चांगला उपाय म्हणजे डायव्हिंगच्या टाकीतून भरणं. मालवण-तारकर्लीकडे स्कूबावाल्यांचे कॉम्प्रेसर श्वासाची हवा भरतात. ती गाळलेली आणि कोरडी असते. हवा सावकाश सोडा. घाईने भरलात तर सिलिंडर तापतो आणि थंड झाल्यावर दाब खाली येतो. ऑक्सिजनचा सिलिंडर कुणी कितीही स्वस्तात देऊ केला तरी जोडू नका, स्फोट होतो. भरायच्या जोडणीला साधं मशीन तेलही लावू नका. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाला लागेल इतकंच. सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. बहुतेक उत्पादक दहा वर्षांची मुदत देतात, ती पाळा.

रेग्युलेटर तपासायला क्रोनोग्राफ, म्हणजे छऱ्याचा वेग मोजणारं यंत्र, लागतो, तो कुणाकडून तरी मागून आणा. ४५ सेकंदांच्या अंतराने दहा शॉट मारा, मग दहा मिनिटं थांबून एक. दहांमधला फरक ३ मीटर प्रति सेकंदाच्या आत असेल तर मी रेग्युलेटरला हात लावणार नाही. थांबल्यानंतरचा शॉटच वेगळा येत असेल तर थांबलेल्या वेळात रेग्युलेटरचा दाब सरकतोय किंवा व्हॉल्व्ह चिकटतोय. ते काम ज्याला येतं त्यालाच द्या. ब्रीचची गळती मात्र घरी कळते: टिश्यूची बारीक पट्टी ब्रीचच्या फटीवर ठेवा, छर्रा भरून मारा, पट्टी उडाली तर तिथली ओ-रिंग बदला.

आता छर्रे. हलक्या छऱ्याचा मागचा घेर, म्हणजे स्कर्ट, पातळ असतो आणि पटकन चेपतो. चेपलेल्या बाजूने हवा निसटते आणि छर्रा तिरका निघतो. डबा अर्धा रिकामा झाला की महामार्गावरच्या खड्ड्यांत छर्रे एकमेकांवर आपटतात. वर स्पंजची चकती ठेवा. भरण्याआधी प्रत्येक स्कर्ट उजेडात बघा. अंगठ्याने भरताना दाब सरळ मागून द्या, छर्रा ब्रीचच्या कडेच्या किंचित आत गेला पाहिजे आणि प्रत्येक वेळी तितकाच. डोक्याचा आकार ४.४८, ४.४९, ४.५० असा मिळतो. वजन करण्यापेक्षा हे तीन आकार व्हाइसमध्ये आलटून पालटून मारून बघणं कितीतरी फायद्याचं आहे.

खाऱ्या दमट हवेत शिशावर पांढरी भुकटी चढते. असे छर्रे धुऊन वापरू नका, टाकून द्या. ती भुकटी विषारी आहे, हात साबणाने धुवा, मुलांपासून लांब ठेवा. चांगले छर्रेसुद्धा पावसाळ्यात धुवायच्या भानगडीत पडू नका, स्कर्टच्या आत ओल राहते. डबा हवाबंद बरणीत, सोबत सिलिका जेलची पुडी.

पिस्तूलही फोमच्या पेटीत बंद करून ठेवू नका, फोम ओल धरून ठेवतो. सराव झाल्यावर घाम पुसा आणि बाहेरच्या लोखंडी भागांवरून तेलाचं फडकं फिरवा, पण बॅरलच्या आत तेल जाऊ देऊ नका. बॅरल साफ करायला ब्रीचमधून फेल्टच्या दोन गोळ्या एकत्र घालून मारा. काळं यायचं थांबलं की पुरे. त्यानंतरचे पाच-दहा शॉट मोजू नका, बॅरल तेवढ्यात स्थिरावतं. लाकडी ग्रिप पावसाळ्यात फुगते आणि दिवाळीनंतर आकसते. दोन्ही वेळेला तिचा स्क्रू आणि तळहाताखालची पट्टी पुन्हा जुळवा. तुमचा चांगला आणि वाईट दिवस हवामानाबरोबर बदलत असेल तर मी सुरुवात इथूनच करीन.

आकार ठरला की डब्याच्या तळाचा लॉट नंबर, म्हणजे छर्रे कोणत्या खेपेत बनले त्याचा आकडा, लिहून घ्या. नाव तेच आणि लॉट वेगळा असला तर छर्रा वेगळाच समजायचा आणि पुन्हा चार ग्रुप मारायचे. जो लॉट जमला त्याचे हंगामापुरते डबे एकदमच घ्या, शक्यतो पावसाळा संपल्यावर.