निःशस्त्रीकरण, हत्यार आणि चुकीचे ‘लैंगिक’

फोंड्याहून एका प्राध्यापिकांनी विचारले आहे. त्यांच्या महाविद्यालयातल्या परिसंवादाच्या पत्रिकेवर ‘आंतरराष्ट्रीय निशस्त्रीकरणातील लैंगिक दृष्टिकोन आणि महिलांना सहभागी करून घेण्याची गरज’ असा विषय छापायचा आहे. निशस्त्रीकरण, निःशस्त्रीकरण की निरस्त्रीकरण, एवढाच त्यांचा प्रश्न. ‘लैंगिक’बद्दल आणि ‘करून घेण्या’बद्दल त्यांनी काही विचारलेले नाही. पण त्या मथळ्यातली खरी दुखणी तीच आहेत, म्हणून पहिला प्रश्न लवकर उरकतो.

निःशस्त्रीकरण. विसर्ग हवाच. इथला उपसर्ग निस् किंवा निर् आहे, त्याचा अर्थ ‘नसलेला’. नुसता ‘नि’ हा वेगळा उपसर्ग आहे; निवास, निक्षेप, नियुक्ती या शब्दांत तो येतो आणि तिथे काहीही वजा होत नाही. ‘निशस्त्र’ लिहिले की शस्त्र काढून टाकल्याचा अर्थच उडतो. विसर्गाच्या जागी अपूर्णविराम (:) ठोकणे हीसुद्धा चूकच. विसर्गाची कळ प्रत्येक मराठी कीबोर्डवर आहे. संस्कृतात ‘निश्शस्त्र’ असेही रूप होते, मराठीत ते रुळले नाही.

निरस्त्रीकरण हिंदी बातम्यांतून आपल्याकडे आले. व्याकरणाने ते शुद्ध आहे. हातात धरून चालवायचे ते शस्त्र, धातू शस्, म्हणजे कापणे, मारणे. फेकायचे ते अस्त्र, धातू अस्, म्हणजे फेकणे. यावरून काही जाणकार म्हणवणारे सांगतात की आजची बंदूक गोळी फेकते, क्षेपणास्त्र आणि अण्वस्त्र तर उघडच अस्त्रे आहेत, तेव्हा निरस्त्रीकरण हाच अचूक शब्द. हा युक्तिवाद धातुपाठापाशी सुरू होऊन तिथेच संपतो. बंदुकीच्या परवान्याला मराठीत कुणी अस्त्रपरवाना म्हणत नाही. सशस्त्र दले, शस्त्रसंधी, शस्त्रसाठा, सगळीकडे आपण शस्त्र हाच शब्द व्यापक अर्थाने वापरला आहे, आणि बोलणाऱ्या समाजाने केलेली निवड मोडायचे काही कारण नाही.

मात्र जिथे तिथे निःशस्त्रीकरणच घालू नका. निवडणूक जाहीर झाली की परवानाधारकांना बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायचा आदेश निघतो. गोव्यातल्या सत्तरी, सांगे, केपे भागांत शेतीरक्षणासाठी परवाने घेतलेल्यांना हे चांगले ठाऊक आहे. निवडणूक आटोपली की बंदूक परत मिळते. हे शस्त्रनियंत्रण, निःशस्त्रीकरण नव्हे. माणशी परवान्याच्या बंदुकांची मर्यादा २०१९ च्या दुरुस्तीने तीनवरून दोनवर आली, ती शस्त्रकपात. १९६८ चा अण्वस्त्रांचा करार हा प्रसारबंदीचा. आणि १९९३ च्या रासायनिक अस्त्रबंदी कराराखाली भारताने आपला जाहीर केलेला साठा २००९ पर्यंत नष्ट केला, ते मात्र खरे निःशस्त्रीकरण. शब्दातला ‘-ईकरण’ हा प्रत्यय आधी जसे नव्हते तसे होणे दाखवतो. शस्त्र होते, आता नाही, आणि परत मिळणारही नाही, एवढे झाल्याशिवाय तो शब्द वापरू नये.

आता हत्यार. परिसंवादांतून आणि अग्रलेखांतून ‘हत्या करते ते हत्यार’ ही व्युत्पत्ती इतक्या वेळा ऐकू येते की एकदा ती नीट पुरायला हवी. हत्येशी हत्याराचा काही संबंध नाही. हत्यार हातातून आले आहे. पुरावा ध्वनींचा आहे आणि तो पक्का आहे. संस्कृत ‘त्य’चा प्राकृतात ‘च्च’ होतो: सत्यचे सच्च, त्यावरून साच आणि सच्चा. हत्येपासून शब्द घडला असता तर तो ‘हच्चार’च्या वळणाचा झाला असता. उलट ‘स्त’चा प्राकृतात ‘त्थ’ होतो: हस्तचे हत्थ. प्राकृतात शब्द आहे हत्थियार. हिंदीने तो महाप्राण, म्हणजे ‘थ’मधला हकार, राखला, म्हणून हाथ, हाथी, हथियार. मराठीने या तिन्हींत तो सोडला, म्हणून हात, हत्ती, हत्यार. तिन्ही जोड्या एकाच रांगेत बसतात. कोकणीत तर शोधायलाही नको: हात आणि हातेर. गोव्यात हा शब्द रोज कानावर पडत असताना ‘हत्या करते ते हत्यार’ सांगितले जाते, याचेच नवल वाटते.

अर्थानेही हेच सिद्ध होते. सुताराची करवत, रंधा, पटाशी ही त्याची हत्यारे. माडाची सूर काढणाऱ्या रेंदेराच्या कमरेची काती हे त्याचे हातेर. खंडेनवमीला तलवारीशेजारी नांगराचा फाळ पुजतात, गॅरेजातले पाने पुजतात. हत्यार म्हणजे हाताची करणी वाढवणारी वस्तू. मारणे हा तिचा एक उपयोग. हातोडा आणि हत्यार एकाच घरातले आहेत.

हे पाल्हाळ वाटेल, पण निःशस्त्रीकरणातली एक मोठी चूक याच ‘हातात काय आहे’ या प्रश्नावर उभी होती. पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमधले यादवी युद्ध संपवताना १९९८ ते २००२ या काळात लढणाऱ्यांना शस्त्रे खाली ठेवायला लावून पुन्हा नागरी जीवनात आणण्याचा कार्यक्रम राबवला गेला. त्याच्या दारावरची अट होती, शस्त्र आणा. पुष्कळ ठिकाणी एके-४७ सुटी करून पुन्हा जोडून दाखवावी लागे. त्या टोळ्यांत बायका आणि मुली मोठ्या संख्येने होत्या: स्वयंपाक करणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या, जखमींची शुश्रूषा करणाऱ्या, पळवून आणून ‘बायको’ ठरवलेल्या, आणि लढलेल्याही. बहुतेकींच्या हातात स्वयंपाकाचा डाव होता, डोक्यावर दारूगोळ्याची पेटी होती, बंदूक नव्हती. जिच्याकडे ती होती तिच्याकडून म्होरक्या काढून घेई आणि आपल्या माणसाच्या हाती देई. बंदुकीबरोबर पैसे, प्रशिक्षण, घरी जायची सोय हे सगळे त्या माणसाला मिळे. सत्तर हजारांहून अधिक लोकांची नोंद झाली, त्यांत प्रौढ स्त्रिया पाच हजारांच्याही आत राहिल्या.

शेजारच्या लायबेरियात डिसेंबर २००३ मध्ये असाच कार्यक्रम सुरू झाला तेव्हा अट सैल केली: एक शस्त्र किंवा १५० काडतुसे, आणि सशस्त्र गटांबरोबर राहिलेल्या स्त्रियांना व मुलांना काहीच न आणता प्रवेश. नोंद झालेल्या एक लाख तीन हजारांत बावीस हजारांहून अधिक स्त्रिया निघाल्या. याची दुसरी बाजूही सांगायला हवी: गोळा झालेल्या बंदुका अठ्ठावीस हजारांच्या आसपासच होत्या, आणि कधीही न लढलेले कित्येक पुरुषही मूठभर काडतुसे मिळवून रांगेत शिरले. अट कडक ठेवली की बायका बाहेर राहतात, सैल केली की उपरे आत येतात. उपाय दाराशी बंदूक मोजण्यात नाही. कोण कोणत्या गटात किती काळ होते, काय काम करत होते, हे विचारणाऱ्या छाननीत आहे, आणि ती छाननी करायला तिथे स्त्रिया बसलेल्या असाव्या लागतात, कारण पळवून आणलेली मुलगी म्होरक्यादेखत किंवा परक्या पुरुषापुढे तोंड उघडत नाही. सुरक्षा परिषदेच्या ३१ ऑक्टोबर २००० च्या ठराव क्रमांक १३२५ मध्ये माजी सैनिक स्त्रियांच्या आणि पुरुषांच्या गरजा वेगळ्या असतात हे ध्यानात घ्या, असे कलम आहे, ते यासाठी.

आता ‘लैंगिक’. पत्रिकेत हा शब्द कृपा करून ठेवू नका. मराठीत लैंगिक म्हणजे कामव्यवहाराशी निगडित: लैंगिक शिक्षण, लैंगिक अत्याचार. इथे हवा आहे तो लिंगभाव. लिंग शरीराचे असते. लिंगभाव म्हणजे पुरुषाने कसे असावे, बाईने कसे असावे याबद्दल समाजाने घालून दिलेली वळणे. तिसरी गोष्ट व्याकरणातले लिंग, त्याचा या दोन्हींशी संबंध नाही. तलवार, कट्यार, बंदूक, तोफ, गोळी स्त्रीलिंगी, भाला, बाण, रणगाडा पुल्लिंगी, पिस्तूल नपुंसकलिंगी. अमरकोशात सुरीला असिपुत्री, म्हणजे तलवारीची मुलगी, असे गोड नाव आहे. त्यावरून शस्त्र कुणाच्या हाती असते याचा काही बोध होत नाही. तो बोध लिंगभाव देतो.

फरक केवळ शोभेचा नाही. शस्त्रव्यापार करार २०१३ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत स्वीकारला गेला आणि २४ डिसेंबर २०१४ पासून लागू झाला. (मतदानात भारत तटस्थ राहिला.) त्याच्या सातव्या कलमाच्या चौथ्या पोटकलमानुसार निर्यातीची परवानगी देण्याआधी, ही शस्त्रे लिंगभावाधारित गंभीर हिंसेसाठी किंवा स्त्रिया व मुलांवरच्या गंभीर हिंसेसाठी वापरली जाण्याचा धोका सरकारने विचारात घ्यायचा आहे. क्रम असा: आधी सहाव्या कलमातली सरसकट मनाई लागू होते का ते पाहायचे, ती नसेल तर धोका तोलायचा, तो कमी करायचे उपाय आहेत का ते तपासायचे, आणि तरीही धोका भारी ठरला तर परवानगी नाकारायची. या वाक्यात ‘लैंगिक हिंसा’ असे भाषांतर केले की फाईल पाहणारा अधिकारी फक्त बलात्काराच्या तक्रारी शोधतो. घरात नवऱ्याने पिस्तूल रोखून दाबून ठेवलेली बाई त्यातून सुटते. आणि जुलै १९९५ मध्ये बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात पुरुष व मुलगे बायकांपासून वेगळे काढून सात हजारांहून अधिक जणांना गोळ्या घातल्या गेल्या, तेही सुटते. ती हिंसा लैंगिक नव्हती. पुरुष म्हणून निवडून केलेली, म्हणून लिंगभावाधारित होती. लिंगभाव म्हणजे ‘बायकांचा विषय’ असे समजणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

भूसुरुंगांचेही तसेच. त्यांचे बहुतेक बळी पुरुष आणि मुलगे असतात. पण सुरुंग काढण्याआधी गावात पाहणी होते, आणि पाहणी पथक फक्त पारावरच्या पुरुषांशी बोलून गेले तर नकाशात रस्ते आणि शेते येतात. पाण्याची वाट आणि सरपणाची रानवाट राहून जाते. ती ज्यांना ठाऊक असते त्यांना कुणी विचारलेलेच नसते. म्हणून पथकात एक पुरुष आणि एक स्त्री असावी आणि दोन बैठका वेगवेगळ्या व्हाव्यात. अण्वस्त्रबंदी करारात, ७ जुलै २०१७ च्या, किरणोत्साराचा स्त्रियांवर आणि मुलींवर अधिक घातक परिणाम होतो हे प्रस्तावनेतच नोंदले आहे. ही झाली लिंगभाव दृष्टी.

सहभाग ही दुसरी गोष्ट, आणि ‘आणि’ घालून दोन्ही एकच समजू नयेत. अण्वस्त्रबंदीच्या वाटाघाटींच्या अध्यक्षस्थानी कोस्टा रिकाच्या एलेन व्हाइट गोमेझ होत्या. १९९६ साली जिनिव्हात सर्वंकष अणुचाचणी बंदी करारावर भारत सही करणार नाही, हे ठणकावून सांगणाऱ्या भारताच्या राजदूत अरुंधती घोषही स्त्रीच. दोघींचा सहभाग शंभर टक्के, भूमिका वेगळ्या. बाई बसली की मवाळ बोलेल, ही अपेक्षा म्हणजे लिंगभावाचाच जुना साचा. बसण्याचा हक्क भूमिकेवर अवलंबून नसतो. आणि बसलेल्या किती? संयुक्त राष्ट्रांच्या निःशस्त्रीकरण संशोधन संस्थेने २०१९ मध्ये केलेल्या मोजदादीत मोठ्या बहुपक्षीय बैठकांतल्या प्रतिनिधींत स्त्रिया सरासरी ३२ टक्के होत्या. लहान, तांत्रिक तज्ज्ञगटांत पाचांत एक. मोजताना नुसती प्रतिनिधींची यादी पाहू नये, बोलायला कोण उभे राहिले आणि मसुदा कुणी लिहिला तेही पाहावे.

राहता राहिले ‘सहभागी करून घेण्याची गरज’. हा वाक्प्रयोग इथे खोटा आहे. घर दुसऱ्याचे आणि स्त्रिया पाहुण्या, असा त्याचा अर्थ होतो. महायुद्ध चालू असताना, एप्रिल १९१५ मध्ये, हेगला अमेरिकन समाजसेविका जेन ॲडम्स यांच्या अध्यक्षतेखाली बारा देशांतल्या अकराशेहून अधिक स्त्रिया जमल्या होत्या. सार्वत्रिक निःशस्त्रीकरणाचा पुरस्कार करून त्यांनी ठराव केला: शस्त्रनिर्मिती सरकारांनी आपल्या ताब्यात घ्यावी आणि शस्त्रांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आणावे. शस्त्रव्यापार करार त्यानंतर ९८ वर्षांनी झाला.