साठच्या दशकातल्या ब्रिटिश गाडीचा डॅशबोर्ड रंगवून परत बसवला, आता टेम्परेचर आणि पेट्रोल दोन्ही काटे वर जाऊन बसतात. मीटर बदलू की अख्खं वायरिंग नवीन करू?

दोन्ही नको. आधी थांबा. याच दुखण्यापायी आम्ही एक चांगलं चालणारं इंजिन खोललंय, म्हणून लिहितोय.

आम्हीही डॅश मागूनपुढून झकास रंगवला, सगळं बसवलं, गाडी चालू केली आणि पाच मिनिटांत टेम्परेचरचा काटा लाल पट्ट्यात. दादा म्हणाला हेड गॅस्केट (इंजिनच्या डोक्याखालचं सील) गेलं. मी सांगत होतो की अरे टाकीत पेट्रोल अर्धंच आहे तरी तो काटापण फुल्लच्या पुढे गेलाय, दोघांचं एकदम कसं बिघडेल? तर म्हणे ते टाकीतल्या फ्लोटचं (पेट्रोलवर तरंगणाऱ्या गोळ्याचं) वेगळं दुखणं. थोरल्यापुढे किती बोलणार, हेड खोललं. गॅस्केट ठणठणीत. तीन रविवार त्यात गेले.

आणि खरं कारण मला आधी का सापडलं नाही सांगू? कारण मीटरमागच्या जुन्या वायरी कडक झाल्या म्हणून दादानं एकाच काळ्या रीळातून सगळ्या नव्या ओढलेल्या. करंटला रंग कळतो का, हे त्याचं उत्तर. करंटला नाही कळत, पण डॅशखाली उताणं पडून टॉर्च दातात धरणाऱ्याला कळतो ना! या गाड्यांत काळी म्हणजे अर्थिंगची, बॉडीला जोडलेली. हिरवी म्हणजे फ्यूजमधून आलेला, चावी ऑन केल्यावरचा करंट. हिरवी-काळी टाकीच्या सेंडरला (मीटरला माप कळवणाऱ्या भागाला), हिरवी-निळी टेम्परेचरच्या सेंडरला जाते, आणि फिकट हिरवी दोन्ही मीटरना एकाच डबीतून येते. ती फिकट हिरवी वायर जागेवर असती तर दोन मिनिटांत दिसलं असतं की दोघांचा सप्लाय एकच आहे.

ती डबी म्हणजे व्होल्टेज स्टॅबिलायझर. आत बायमेटलची, म्हणजे दोन धातूंची, तापली की वाकणारी पट्टी, तिच्यावर बारीक हीटर. पट्टी तापली की काँटॅक्ट सुटतो, गार झाली की परत लागतो, असं उघडझाप करत सरासरी १० व्होल्ट मीटरना मिळतात. पण त्या हीटरचं अर्थिंग डबीच्या पत्र्यातून होतं. तुम्ही पत्रा रंगवलाय, म्हणजे डबी बसलीये रंगावर. हीटर तापत नाही, काँटॅक्ट सुटतच नाही, आणि मीटरना सरळ बॅटरीचा करंट, इंजिन चालू असताना १४ व्होल्टच्या आसपास. काटे वर जाणारच.

स्क्रूखालचा रंग पॉलिश पेपरनं खरवडा, शिवाय डबीपासून बॉडीला एक वेगळी वायर द्या. काळीच. मग डबीच्या 'आय' टर्मिनलवर, म्हणजे मीटरना करंट जातो तिथे, टेस्ट लॅम्प लावा. थोड्या वेळानं उघडझाप करायला लागला तर डबी जिवंत आहे, एकसारखा जळत राहिला तर अर्थ अजून लागलेला नाही किंवा काँटॅक्ट चिकटलेत.

वायरिंगचं म्हणाल तर इन्सुलेशनला तडे गेले असतील तेवढ्याच वायरी बदला, पण त्याच रंगाच्या आणि तेवढ्याच जाडीच्या. मिळत नाहीत असं सांगणाऱ्यानं शोधलेल्या नसतात. फोटो काढलेत म्हणून निश्चिंत राहू नका, मीटरमागचा गुंता फोटोत सगळा सारखाच दिसतो. प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधा. मी दादाला हेच तेव्हा सांगत होतो, आणि आजही माझं म्हणणं तेच आहे की आधी वायरींचे रंग जुळवून घेतले असते तर हेडला हात लागला नसता.

हां, हे सगळं दोन्ही काटे एकदम चुकत असतील तरच. एकच चुकत असेल तर सेंडर किंवा त्याची वायर बघा. इंजिन खरंच तापत नाहीये ना, तेही वेगळ्या थर्मामीटरनं एकदा तपासा, माझं ऐकून लाल काट्यावर गाडी पळवू नका. डबीच्या जागी इलेक्ट्रॉनिक टाकायची असेल तर आधी गाडी पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेली) आहे का ते बघा, उलटी जोडली तर लगेच जाते. अल्टरनेटर असेल तर चार्जिंगच्या दिव्याला नुसता एलईडी लावू नका, त्या बल्बातूनच अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळतो.

आणि डॅशमागे हात घालायच्या आधी बॅटरीचं टर्मिनल काढा. ॲमीटर (करंट मोजणारा मीटर) असेल तर त्याच्या जाड वायरीत चावी बंद असली तरी करंट असतो, आणि तिथे बहुतेक वेळा फ्यूज नसतो.