चलन-बिलाच्या सॉफ्टवेअरचा प्लॅटफॉर्म कधी होतो?

तुमचा प्रश्न असा: फाउंड्री आणि मशिनशॉपसाठी केलेलं चलन (मालासोबत जाणारा कागद) आणि बिलाचं सॉफ्टवेअर बेळगाव-निपाणीकडे बरं चालतंय, तर आणखी किती मॉड्यूल घातली की त्याला प्लॅटफॉर्म म्हणता येईल?

मॉड्यूल मोजूच नका. पन्नास मॉड्यूल तुम्हीच लिहिलीत तरी ते मोठं प्रॉडक्टच. तुमच्या ओळखीपाळखीचा नसलेला माणूस तुम्हाला न विचारता तुमच्या सॉफ्टवेअरवर स्वतःचं काही बांधतो आणि त्यावर पैसे कमावतो, तेव्हा प्लॅटफॉर्म झाला. टॅलीत टीडीएल (टॅलीत बदल करायची तिची स्वतःची भाषा) लिहून देणं हा कितीतरी लोकांचा धंदा आहे, आणि पोर्ट 9000 वर एक्सएमएल (ठरलेल्या साच्यातला डेटा) पाठवून त्यात व्हाउचर (हिशोबाची नोंद) टाकणारी सॉफ्टवेअरं भलत्याच लोकांनी केलेली असतात. आयफोन 2007 ला आला तो प्रॉडक्ट म्हणून. बाहेरच्यांना ॲप विकायला ॲप स्टोअर उघडलं ते जुलै 2008 मध्ये.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत काय झालं ते सांगतो, कारण तुमची गाडी त्याच वाटेवर आहे. तिथलं कास्टिंग मशिनिंगला कोल्हापूरजवळच्या शिरोलीला, म्हणजे कर्नाटकातून महाराष्ट्रात जायचं. जॉबवर्कचा (दुसऱ्याकडून काम करून घ्यायला पाठवलेला) माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणार म्हणजे किंमत 50,000 च्या आत असली तरी ई-वे बिल (मालवाहतुकीसाठी जीएसटीखाली काढायचा ऑनलाइन दाखला) लागतं. चलन अडलं की गाडी गेटवरच. वजनकाटा बसवणाऱ्या पोराने डिस्प्लेमधून आरएस-232 केबलवर येणारा आकडा उचलून थेट चलनाच्या डेटाबेसमध्ये टाकला. बाहेरून डेटा टाकायची अधिकृत वाट नव्हतीच. सुरळीत चाललं होतं. पुढे चलनाचं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीने अपडेटमध्ये ‘वजन’ या कॉलमचे ‘ग्रॉस’ (भरलेल्या गाडीचं) आणि ‘टेअर’ (रिकाम्या गाडीचं) असे दोन केले. कुणाला कळवलं नाही, कारण तो कॉलम बाहेरचं कुणी वापरतंय याचा त्यांना पत्ताच नव्हता. रात्रपाळीत चलनावर वजन शून्य, ई-वे बिल निघेना, भरलेल्या गाड्या उभ्या. मालकाने फैलावर घेतलं ते काटेवाल्याला. माझ्या मते दोष सगळा कंपनीचा.

बाहेरच्या प्रोग्रामला तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये शिरायची ती अधिकृत वाट, म्हणजे एपीआय, तुम्ही काढून द्या, पण एकाच कामाची: चलन तयार करणं. एपीआयच्या पत्त्यातच आवृत्तीचा नंबर, म्हणजे व्ही1, घाला. नवं फील्ड खुशाल वाढवा, आहे त्याचं नाव बदलू नका. बदलणं भागच असेल तर व्ही2 काढा आणि व्ही1 निदान वर्षभर चालू ठेवा. वजन किलोत की टनात, हे लिहून द्या. प्रत्येक विनंतीसोबत काट्याच्या पावतीचा नंबर घ्या, आणि तोच नंबर पुन्हा आला तर नवं चलन न करता जुनंच परत द्या. नाहीतर मधेच नेट गेलं की उत्तर मिळालं नाही म्हणून काट्याकडचा प्रोग्राम पुन्हा पाठवतो, एका गाडीची दोन चलनं होतात आणि आयटीसी-04 (जॉबवर्कला पाठवलेल्या मालाचं जीएसटीचं विवरणपत्र) भरताना मालाचा मेळ बसत नाही. प्रत्येक ग्राहकाची ‘की’ (एपीआय वापरायचा गुप्त कोड) वेगळी, हक्क त्याच्या जीएसटीआयएनपुरते (जीएसटी नंबरपुरते). खोट्या डेटाचा टेस्ट सर्व्हर हवाच. आणि तुमची स्वतःची चलनाची स्क्रीनसुद्धा याच एपीआयवरून चालवा. मग काही मोडलं तर ते आधी तुमच्याच टेबलावर कळेल.

ग्राहक मागेल ते घालत गेलं की प्लॅटफॉर्म आपोआप होतो, असं आमचे एक जुने भागीदार ठासून सांगायचे. साफ चुकीचं आहे ते. त्या पद्धतीने दर ग्राहकाची वेगळी कॉपी होते. ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल) सक्तीचं होण्याची उलाढालीची मर्यादा ऑक्टोबर 2020 मध्ये 500 कोटी होती, ती टप्प्याटप्प्याने ऑगस्ट 2023 मध्ये 5 कोटींवर आली. वेगळ्या कॉप्या असतील तर असा प्रत्येक बदल तितक्याच ठिकाणी करा, तपासा, बसवा. गाभा एक आणि ग्राहकाचं वेगळेपण त्याच्या बाहेर असेल तर काम एकदाच. अशा कॉप्यांवर चालणारा धंदा चांगला असू शकतो, पण तो सर्व्हिसचा धंदा आहे, त्याला प्लॅटफॉर्म म्हणू नका.

अर्थात तुमचे ग्राहक आज एक्सेलला एक्स्पोर्ट करून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये डेटा भरत नसतील, कुणी चोरून डेटाबेसला हात घालत नसेल, तर एपीआयची घाई करू नका. आणि महिनाअखेरीला बिलाची स्क्रीन अडकत असेल तर आधी ती दुरुस्त करा.