आधी मोजमाप, मग ग्राफिक्स

संशोधनासाठी गेम करायचाय ना? मग युनिटी (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) उघडण्याआधी कागदावर लिही: खेळाडूची नेमकी कोणती कृती मोजायची आहे? पॉइंट आणि बॅजेस नंतर बघू (खरं तर नाही बघितले तरी चालेल).

'सी हीरो क्वेस्ट' नीट अभ्यास. लोक वाट कशी शोधतात हे मोजण्यासाठी २०१६ मध्ये आलेला हा मोबाइल गेम. नकाशा दाखवायचा, मग तो काढून घ्यायचा आणि बोट ठरलेल्या ठिकाणांपर्यंत न्यायला लावायची. बोटीचा मार्ग हाच डेटा, वेगळी प्रश्नावली नको. मला आवडते ती पहिल्या दोन लेव्हलची युक्ती. तिथे वाट शोधायचीच नसते, फक्त बोट हाकायची. त्यामुळे कोणाचा हात मोबाइल गेमवर मुळातच बसलेला आहे ते कळतं आणि पुढच्या आकड्यांतून तो फरक वजा करता येतो. तुझ्या गेममध्येही अशी लेव्हल हवीच. नाहीतर तू स्मरणशक्ती मोजतोयस की बोटांची चपळाई, हे गाइडने विचारलं की तोंड बंद.

आणखी एक. स्वतःहून खेळायला येणारे लोक म्हणजे सगळा समाज नव्हे. वय विचार, पण उत्तर ऐच्छिक ठेव. संमतीचा मजकूर सुरुवातीलाच दाखव, आणि एथिक्स कमिटीचा (माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणारी समिती) अर्ज आजच भर. तिथेच सगळ्यात जास्त वेळ जातो.