बाद झालेले मूल बसून का राहते?

प्रश्न : मी तिसरीच्या वर्गाला शिकवते. खेळाच्या तासाला पकडापकडी आणि रिले शर्यती घेते. पण चारदोन चपळ मुलेच शेवटपर्यंत धावतात आणि बाकीची कडेला बसतात. पडद्यासमोर हालचाली करायला लावणारे व्हिडिओ गेम आणावेत, असे काही पालक सुचवतात. ते योग्य ठरेल का?
— एक शिक्षिका

उत्तर : दोष मुलांच्या आळसापेक्षा खेळाच्या नियमांचा अधिक दिसतो. पकडले गेले की बाद, असा नियम असलेल्या खेळात बहुधा सर्वांत आधी बाहेर पडते ते कमी चपळ मूल, म्हणजे ज्याला धावण्याची अधिक गरज आहे तेच. तेव्हा बाद होणेच काढून टाकावे. पकडलेल्या मुलाने पाय फाकवून जागीच उभे राहावे आणि सवंगड्याने त्याच्या पायांखालून सरपटत जाऊन त्याला सोडवावे, एवढा बदल केला तरी कडेला बसायला कोणी उरत नाही. शिवाय राज्य एकावरच न देता तिघांवर द्यावे, म्हणजे संथ मुलावर राज्य आले तरी त्याची फजिती होत नाही. रिलेत दहाजणांची रांग असेल, तर एक धावतो आणि नऊ नुसते पाहतात. तिघातिघांच्या रांगा कराव्यात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 5 ते 17 वर्षे वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी 60 मिनिटे मध्यम ते तीव्र स्वरूपाची हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान 3 दिवस त्यात दमवणारे, स्नायू व हाडे बळकट करणारे खेळ असावेत. ही मिनिटे सलग असण्याची गरज नाही. मुले तशीही थोडे धावतात, थांबतात आणि पुन्हा धावतात. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतकी धाप लागली की हालचाल मध्यम झाली असे ढोबळमानाने समजावे.

पडद्यावरचे असे खेळ 2006 मध्ये आलेल्या निन्टेंडो कंपनीच्या वी (Wii) या व्हिडिओ गेमच्या उपकरणामुळे घरोघरी पोहोचले. नुसते बसून राहण्यापेक्षा ते बरे. परंतु त्यांतल्या कित्येकांत मनगटाच्या झटक्यावर काम भागते, हे मुले फार लवकर ओळखतात, आणि एका वेळी एकदोघांनाच खेळता येते. मैदान ओले असेल त्या दिवसापुरते ते ठीक आहेत. खेळाचे नियम बदलण्याआधी एका तासाला एखादे संथ मूल निवडून, त्याच्या नकळत, ते प्रत्यक्ष किती मिनिटे हलते हे घड्याळ लावून पाहावे. नियम बदलल्यावर तेच पुन्हा मोजावे.