संगीत हरवलेली डिस्क

प्रश्न : माझ्या जुन्या प्लेस्टेशन-१ डिस्कची प्रत एमुलेटरमध्ये (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या संगणकीय प्रोग्राममध्ये) चालते, परंतु पार्श्वसंगीत ऐकू येत नाही. ध्वनीचे प्लगइन (एमुलेटरला जोडलेला आवाजाचा पूरक भाग) बदलावे का?

उत्तर : प्लगइनला हात लावण्यापूर्वी फाइल तपासावी. या डिस्कचा सेक्टर, म्हणजे तिच्यावरील माहितीचा एक तुकडा, २३५२ बाइटचा असतो. डिस्कची माहिती असलेल्या ‘बिन’ फाइलच्या आकाराला २३५२ ने निःशेष भाग जात नसेल, तर प्रत अपुरी आहे किंवा २०४८ बाइटच्या आयएसओ स्वरूपात काढलेली आहे, आणि त्या स्वरूपात सीडी-ऑडिओचे ट्रॅक येतच नाहीत. ‘क्यू’ फाइलही सोबत हवी, कारण ट्रॅक कोठे सुरू होतात हे तीच सांगते. मग प्रत्येक ट्रॅकचा एसएचए-१ (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळख-संकेत) काढून रीडम्प या डिस्क-प्रतींच्या नोंदसंग्रहातील नोंदीशी ताडावा. एक अक्षर जरी चुकले, तरी डिस्क फडक्याने पुसून पुन्हा वाचावी. एवढे जुळूनही संगीत नसेल, तरच प्लगइन बदलावे. डकस्टेशन या एमुलेटरमध्ये ही निवडच नाही, आणि आमच्या मते ते बरेच.